नाण्यावरची जुळी अक्षरे



साहित्याच्या व्यासपीठावर नाण्यांचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण नाणी आपल्या घरांतच आहेत. कुणाच्या देवघरात शिवराई असते, कुणाच्या आजीच्या पेटीत चारमिनारचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. आता ती पेटी नातवंडांच्या हाती जाते आहे आणि एक प्रश्न हमखास येतो : "यावरचे अक्षर दोनदा उमटलेय. हे नाणे लाखाचे आहे का?"

आधी माझी फजिती सांगतो. निवृत्तीनंतर हा छंद लागला. नवा होतो. एका विक्रेत्याकडून स्टीलचा एक रुपया मी बाराशे रुपयांना घेतला. सालाचे आकडे जुळे दिसत होते आणि त्याखाली आपल्या हैदराबाद टाकसाळीची चांदणी होती. तारनाक्याच्या घरी आणून एका जाणत्या मित्राला मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी भिंग लावले आणि एवढेच विचारले, "चूक ठशातली आहे, की छापण्यातली?" मला उत्तर देता आले नाही.

आपण पुस्तकवाली माणसे, म्हणून हा फरक छापखान्याच्या भाषेत सांगतो. खिळे जुळवतानाच चूक झाली, तर ती हजार प्रतींत जशीच्या तशी येते. पण छापताना कागद सरकला, तर अक्षरे तेवढ्या एका प्रतीत फरकटतात. पहिली चूक त्या आवृत्तीची, दुसरी त्या कागदाची. नाण्यांचेही तसेच आहे.

टाकसाळीत नक्षी आधी एका उठावाच्या पोलादी साच्यावर असते. त्याला हब म्हणतात. हा हब मऊ पोलादावर दाबला की खोलगट, उलटा ठसा तयार होतो आणि त्या ठशाने नाणी पडतात. पूर्वी एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे. ठसा तापवून, मऊ करून पुन्हा दाबावा लागे. दुसऱ्या दाबाच्या वेळी तो केसभर फिरला, तर ठशातच दोन अक्षरे कोरली जात. मग त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तीच जुळी अक्षरे उमटत. हा खरा दुहेरी ठसा. १९५५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत असेच झाले. त्या एका सेंटवरचे साल आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. अशी वीस हजारांहून अधिक नाणी बाजारात गेली आणि आज जगभरचे संग्राहक ती शोधतात.

दुसरा प्रकार यंत्रातला. ठसा निर्दोष असतो, पण यंत्रात जरा सैल बसलेला. छाप उठल्यावर क्षणभर घसरतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड दाबून सपाट करतो. हे फार सर्रास होते, म्हणून जाणकार त्याला जादा मोल देत नाहीत. माझा रुपया यातलाच निघाला.

ओळखायचे कसे? खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरे गोलसर आणि भरीव असतात. अक्षर एकूण जाड होते, आणि त्याच्या टोकाशी दोन रेषांमध्ये बारीक खाच दिसते. यंत्राच्या घसरीत दुसरे अक्षर म्हणजे सपाट, चकाकणारी, ठेंगणी पायरी असते, आणि मूळ अक्षर बारीक झालेले असते, कारण पायरीचा धातू त्याच्याच अंगातून गेलेला असतो. तिसरा प्रकार झिजलेल्या ठशाचा. तिथे अक्षरे सुजल्यासारखी, धूसर होतात. जुन्या खिळ्यांनी छापलेल्या पानासारखी.

यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि टेबलावरचा दिवा पुरे. नाणे कडेने धरावे, प्रकाश तिरपा पाडावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. सपाट पायरी लगेच चमकून उठते. शेजारी त्याच सालाचे, त्याच टाकसाळीचे साधे नाणे ठेवावे. सालाखाली चांदणी असेल तर हैदराबाद, चौकट असेल तर मुंबई, टिंब असेल तर नोएडा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. मग तंतोतंत तसेच जुळे अक्षर असलेले दुसरे नाणे शोधावे. जोडीदार सापडला, तर चूक ठशातली असल्याचा पुरावा भक्कम होतो. आणि नाणे चिंचेने किंवा पितांबरीने कधीही घासू नये.

प्रत्येक वेगळेपण ही चूकही नव्हे. शिवराई हातोड्याने पाडलेली. दोन घाव बसून तिची अक्षरे दुहेरी होणे ही रोजची गोष्ट होती. सैफाबादची टाकसाळ १९०३ मध्ये सुरू झाली आणि यंत्राने पाडलेले चारमिनारचे रुपये आले. त्यांच्या कमानीत महबूब अली खान यांच्या नावाचा 'मीम' आहे, पुढे उस्मान अली खान यांचा 'ऐन'. हा ऐन काही नाण्यांवर अर्धा आणि काहींवर पूर्ण आहे. तो ठशाच्या नक्षीतला बदल आहे, घसर नव्हे. १९९७ मध्ये टाकसाळ आपल्या पूर्वेला, चर्लपल्लीला गेली. सैफाबादच्या जुन्या वास्तूत आता संग्रहालय आहे. नातवंडांना घेऊन अवश्य जा.

एक सावधगिरी मात्र हवी. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा," असे फोन वडीलधाऱ्यांना येतात. आपण अशा व्यवहारात नाही आणि असे शुल्क कधी मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ही म्हण आपल्याला पाठ असते, तरी मी बाराशे रुपये मोजलेच.

तो रुपया मी फेकला नाही. त्याच्या पाकिटावर माझ्या अक्षरात लिहून ठेवले आहे : "यंत्राची घसर. किंमत एक रुपया." उद्या माझ्या नातवाला पेटीत तो सापडेल, तेव्हा त्याला कुणी फसवू नये आणि त्यानेही कुणाला फसवू नये. आपापल्या पेटीतल्या नाण्यांना अशा चिठ्ठ्या लावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.