सदलगा कोणत्या राज्यात?



सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत या प्रश्नाला आज एकच उत्तर मान्य आहे. परंतु दूधगंगेकाठच्या एकाच घरात आजोबांनी शाळेत ‘मुंबई’, मुलाने ‘म्हैसूर’ आणि नातवाने ‘कर्नाटक’ लिहिले असेल, तर तिघांनाही पूर्ण गुण द्यावे लागतात! १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले. प्रश्नसंचात यांतले शेवटचे नावच उरते. १९४६ साली सदलग्यात जन्मलेल्या आचार्य विद्यासागरांची मातृभाषा कन्नड, ‘मूकमाटी’ हे महाकाव्य मात्र हिंदीत. स्पर्धक पाठ करतो ते केवळ जन्मगाव. ग्रंथपालांनी प्रश्नसंच मागणाऱ्या मुलाच्या हाती ज्ञानकोशाचा एखादा खंडही ठेवावा, आणि उत्तरापुढे साल लिहावयास सांगावे.