गुडघ्यातलं वंगण



रावेर-यावलची केळीची बाग असो,
की धुळ्याकडची कापसाची वेचणी…
वर्षानुवर्षं वाकून, उकिडवं बसून काम केलं,
की गुडघे बोलू लागतात.
मग कुणीतरी सुचवतं, जेलचं इंजेक्शन घ्या.

हे जेल म्हणजे हायलुरॉनिक आम्ल.
सांध्यातल्या वंगणात ते मुळातच असतं.
१९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं.
पुढे ते चक्क कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलं जाऊ लागलं!

आता महत्त्वाचं.
झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जेलनं भरून येत नाही.
काहींचं दुखणं काही महिने कमी होतं.
पण अभ्यासांत सरासरी फायदा फार थोडा दिसतो.
ब्रिटनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी तर हे इंजेक्शन देऊ नये, असंच म्हटलं.

पुन्हा सांगायचं, तर जेल झीज भरत नाही.

म्हणून कापसाचे पैसे त्यात घालण्याआधी,
जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हाडांच्या डॉक्टरांना विचारावं.
मांडीचे व्यायाम शिकून घ्यावेत.
खुर्चीत बसायचं… पाय सरळ करायचा…
पाच मोजायचे… आणि सावकाश खाली.

इंजेक्शननंतर गुडघा लाल, गरम झाला,
ताप आला,
तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.