किती अँपिअरचा देऊ?

घरच्या सीएनसी मशीनचा ड्रायव्हर जळाला, की अंधेरी-बोरिवलीचा हौशी कारागीर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतो. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘किती अँपिअरचा देऊ?’ प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. स्टेपर मोटरला थांबून धरायला अँपिअर लागतात, पण वेगात पळताना तिचा जोर टिकतो तो व्होल्टेजवर. मोटरच्या कॉइलमध्ये करंट एकदम चढत नाही, त्याला वेळ लागतो. वेग वाढला की प्रत्येक स्टेपला मिळणारा वेळ आक्रसतो, करंट पुरता चढायच्या आत पुढची स्टेप येते आणि मोटर घसरते. 12 ऐवजी 36 व्होल्ट दिले, तर तोच करंट सुरुवातीला तिप्पट वेगाने चढतो. यावर हटकून शंका येते: मोटरच्या लेबलवर तर अडीच-तीन व्होल्ट लिहिलेत, मग ती जळणार नाही का? नाही जळणार. आजचे ड्रायव्हर करंट ठरलेल्या मर्यादेला पोचला की सप्लाय तोडतात, उतरला की जोडतात, सेकंदाला हजारो वेळा. मर्यादा मात्र डिप स्विचवर आपणच नीट लावायची.

आता आकड्यांची गंमत. डीएम542 या ड्रायव्हरवरचा 4.2 अँपिअर हा शिखराचा आकडा. आरएमएस धरला तर 3. म्हणजे 2.8 अँपिअरच्या नेमा 23 मापाच्या मोटरला तो बेताचा, पण पुरेसा. टीबी6600 असं छापलेल्या स्वस्त ड्रायव्हरच्या डब्यात पुष्कळदा टीबी67एस109 ही वेगळीच, कमी क्षमतेची चिप निघते. ती वाईट नाही, पण डब्यावरचा कमाल आकडा तिच्याकडून मागू नये. दुसरा मोह मायक्रोस्टेपचा. एका स्टेपचे 32 भाग म्हणजे जास्त अचूकता, असं मानलं जातं. 200 स्टेपच्या मोटरला 32 भाग आणि स्क्रूची एका फेऱ्याची चाल 4 मिलिमीटर धरली, तर मिलिमीटरमागे 1600 पल्स लागतात. आर्डुइनो उनो बोर्डवरचं जीआरबीएल हे नियंत्रक सॉफ्टवेअर सेकंदाला सुमारे 30,000 पल्स देतं. म्हणजे मिनिटाला 1125 मिलिमीटरवर वेग अडला. 8 भागांवर तेच मशीन 4500 पर्यंत जाऊ शकतं. शिवाय 32 भागांतल्या एका भागाला मोटरचा जेमतेम 5 टक्के जोर मिळतो, तो नटच्या घर्षणातच जिरतो.

इमारतीत शेजाऱ्यांची झोप मोडते म्हणून शांत टीएमसी2209 ड्रायव्हर घ्यावा, असंही सुचवलं जातं. छोट्या नेमा 17 ला, 24 व्होल्टवर, जरूर घ्या. त्याची मर्यादाच 29 व्होल्ट आहे. पण सागवानावर चालणाऱ्या स्पिंडलपुढे मोटरची कुरकुर ऐकू कोणाला येते? नेमा 23 असेल तर माझा कौल डीएम542 आणि 36 व्होल्टच्या सप्लायला. 48 देऊ नका. मोटर झटक्यात थांबताना उलटं व्होल्टेज परत येतं आणि ड्रायव्हरची मर्यादा 50 ची आहे.

खरेदीआधी एक खात्री करा. मशीन बंद करून एक्स आणि वाय मोटरच्या वायरी ड्रायव्हरवर अदलाबदल करून पाहा. तीच मोटर दुसऱ्या ड्रायव्हरवरही अडली, तर दोष मोटरचा किंवा वायरीचा. हिरव्या कनेक्टरचे स्क्रूही आवळा. चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर सुटली, तर आज आणलेला नवा ड्रायव्हरही जळू शकतो.