बर्फाची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पेणच्या बाईने बर्फावर काय बोलावे, असे तुम्हांस वाटेल. पण मुलगा म्युनिकला आणि नातवंडांना स्की शिकायची. तेव्हा बेत आखणे माझ्याही वाट्यास आले.

गेल्या खेपेस आम्ही फसलो. डिसेंबरच्या आरंभी स्वस्त पडते म्हणून एका सखल गावी खोल्या घेतल्या, पैसे आगाऊ भरले. जाऊन पाहतो तो डोंगर हिरवागार! पैसे बुडाले, नातवंडे रडली. मृग लागला म्हणून पाऊस येतोच असे नाही. आपण लावणी शेतात पाणी पाहूनच करतो. ते शहाणपण घरीच राहिले.

यंदा आधी उंची पाहिली. ऑस्ट्रियात हिंटरटुक्सला ३२५० मीटरपर्यंत हिमनदीवर बारमाही स्की चालते. खाली कृत्रिम बर्फाची यंत्रे असतात खरी, पण त्यांनाही थंडी लागतेच.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांच्या आत, पण निदान पंधरा दिवस अगोदर द्यावा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्यात स्कीची दुखापत धरली आहे का, हे वाचून घ्या. पुष्कळदा ती नसते. आमच्याकडे हे वाचन माझ्याकडेच असते.

मुलगा म्हणतो, "आई, तू खाली बसून पाहा." रोह्याच्या विहीणबाईंनी मात्र लेकीकडे बुटांचे माप कळवलेसुद्धा! खोल्या या वेळी रद्द करता येतील अशाच घेतल्या आहेत. पोह्याचे पापड तेवढे आधीच बांधून ठेवले.