नांव निराळें, गाडी तीच

आमचा सिंदेवाहीचा मुलूख भाताचा. एकाच बांधींतील तांदूळ दोन पोत्यांत भरून त्यांवर निराळीं नांवें छापलीं, तर गिऱ्हाईक फसेल; पण शिजविणाऱ्या गृहिणीस तें तेव्हांच कळेल. मोटारींच्या धंद्यांत हा प्रकार राजरोस चालत आला आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. डॉज किंग्जवे, डी सोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय ह्या तीन घराण्यांच्या वाटत; वस्तुतः सांगाडा प्लिमथचाच, जाळी व नांवाची पट्टी तेवढी वेगळी. पुढें तेथें इटलीची फियाट ११०० तयार होऊं लागली. तीच १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर प्रेसिडेंट' व लवकरच 'पद्मिनी' झाली.

माझ्याजवळ एक प्रेसिडेंट होती. तिला पद्मिनीचे सुटे भाग बिनतक्रार बसत; एका दुरुस्तींत बिल्लाहि पद्मिनीचाच लागला. पुढें एका पावसाळ्यांत तिच्यावर झाड कोसळलें. विमा कंपनीकडून पाहणीस आलेल्या गृहस्थांनीं बिल्ल्याकडे पाहिलेंहि नाहीं. एंजिनाचा व चासीचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडला आणि ओळख पटली.

चूक निराळीच होती, व ती माझी होती. गाडी पांच वर्षांहून जुनी झाली, कीं तिचें विम्याचें मोल मालक व कंपनी यांनीं आपसांत ठरवावयाचें असतें. हप्ता वाचावा म्हणून मीं तें फार थोडें लिहविलें होतें. दुरुस्तीचा खर्च त्या मोलाच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, म्हणून गाडी पूर्ण नष्ट झाली असें धरण्यांत आलें. हातीं आली ती मीच लिहविलेली रक्कम. जन्मभर मुलांना हिशेब शिकविणाऱ्याचा हा हिशेब!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. पण त्यांतून आपल्या गाडीची भरपाई होत नाहीं. तेव्हां जुनी गाडी जपणाऱ्यानें जाणकाराकडून मोल करवून घ्यावें, छायाचित्रें व पावत्या ठेवाव्या. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं निराळी नोंदणी निघाली आहे. तींत गाडीचें मूळ रूप पाहिलें जातें आणि अशी गाडी नित्याच्या वापरास काढतां येत नाहीं.

प्रेसिडेंटचा मूळ बिल्ला अजून माझ्या मेजाच्या खणांत आहे. त्याचा विमा मात्र कोणी उतरवीत नाहीं.