जुन्या मोटारीतील हरवलेली ठिणगी
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश मोटारीच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली ॲम्बॅसेडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही वडिलांची किंवा आजोबांची अशी एखादी जुनी पेट्रोल गाडी अजून पुष्कळ घरांत आच्छादनाखाली जपलेली असते. पावसाळा उलटल्यावर ती बाहेर काढावी, तर स्टार्टर जोमाने फिरतो आणि इंजिन मात्र काही केल्या दाद देत नाही. अशा वेळी कॉइल, काँडेन्सर, प्लग असे सारे सामान एकदम बदलण्याचा सल्ला मिळतो. त्यात चांगले जुने भाग फेकले जातात आणि दोष कित्येकदा जागच्या जागी राहतो. मग कंटाळलेल्या घरातून गाडी भंगारात निघते. वास्तविक एका बारा व्होल्टच्या बल्बाने हा दोष शोधता येतो. केवळ क्रम सोडता कामा नये.

शाळेत शिकलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे कामास येते. फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेले हे तत्त्व मोटारीच्या कॉइलमध्ये अखंड राबत असते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून प्रवाह वाहतो व चुंबकीय क्षेत्र उभे राहते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट उघडण्याच्या क्षणी, मिटण्याच्या नव्हे. हे ध्यानात न घेतल्याने अनेकांचा शोध उलट दिशेला जातो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा हे घडते. काँडेन्सर पॉइंटवरील जाळ आवरतो आणि प्रवाह झटकन तुटू देतो. (जुन्या गॅरेजांतून या पॉइंटांना ‘प्लॅटिनम’ म्हणत, जरी टोके बहुधा टंगस्टनची असत.)

शोधाचा आरंभ कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत मधोमध येणाऱ्या जाड वायरीपासून करावा. ती टोपीतून काढून, कोरड्या व विद्युतरोधक चिमट्याने धरून, तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवावे आणि दुसऱ्या कुणी स्टार्टर फिरवावा. कार्ब्युरेटरजवळ हा प्रयोग करू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर मुळीच नव्हे. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने दूरच राहावे. निळी, टणक ठिणगी दिसली, तर कॉइल, पॉइंट आणि काँडेन्सर निर्दोष समजावेत. मग दोष पुढे असतो: टोपीच्या आतील केसासारखी चीर, तिथे साचलेली ओल, झिजलेले कार्बनचे टोक किंवा खुद्द रोटर.

रोटर फसवा असतो. वरून धडधाकट दिसतो आणि आतून ठिणगी दांड्यात गळते. त्याची परीक्षा सोपी आहे. तीच जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून थोड्या अंतरावर धरून, स्विच चालू असताना मिटलेले पॉइंट लाकडी काडीने उघडावेत. पट्टीवर ठिणगी झेपावली, तर रोटर गळका आहे. कारण तिथून तिला जमिनीकडे वाट मिळता कामा नये.

मधल्या वायरीतच ठिणगी नसेल, तर बल्ब हाती घ्यावा. त्याची एक तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला आणि दुसरी कॉइलच्या स्विचकडील टोकाला लावावी. लुकास पद्धतीच्या जुन्या कॉइलवर तेथे ‘एसडब्ल्यू’ ही अक्षरे असतात. स्विच चालू असताना बल्ब पेटला नाही, तर बिघाड स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. कॉइल बिचारी निर्दोष. पेटला, तर बल्बाची तार ‘सीबी’ या दुसऱ्या टोकाला न्यावी आणि इंजिन हळूहळू फिरवावे. पॉइंट उघडे असताना बल्ब पेटला पाहिजे, मिटताच विझला पाहिजे. या एका चाचणीइतके बोलके दुसरे काही नाही.

बल्ब सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटूनही प्रवाह जात नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीत टोकांवर अदृश्य थर चढतो, हेच याचे सर्वांत सामान्य कारण. बारीक पॉलिश पेपरने टोके घासून कोऱ्या कागदाने पुसावीत. तरीही बल्ब विझेना, तर डिस्ट्रिब्यूटरमधील लवचीक वायर बोटाने ओढून पाहावी. आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असे वरचेवर आढळते.

बल्ब कधीच पेटला नाही, तर ‘सीबी’ टोकावरून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर सोडावी. आता पेटला, तर प्रवाह डिस्ट्रिब्यूटरमध्ये जमिनीला मिळतो आहे: काँडेन्सर आतून जोडला गेला आहे किंवा पॉइंटखालचा विद्युतरोधक वॉशर चुकीचा बसला आहे. तरीही अंधारच राहिला, तर कॉइलची जाड तार तुटलेली. कॉइल बदलण्याचा पहिला सबळ पुरावा इथे मिळतो, त्याआधी नाही. बल्ब योग्य रीतीने पेटतो-विझतो आणि तरीही ठिणगी नाही, असे असेल, तर आधी काँडेन्सर, मग कॉइलची बारीक तार आणि ती जाड वायर यांवर संशय घ्यावा. काँडेन्सर स्वस्त असल्याने तो बदलून पाहण्यास हरकत नाही.

या साऱ्या खटाटोपात पॉइंट मिटलेले ठेवून स्विच फार वेळ चालू राहू देऊ नये. कॉइल तापून निकामी होते. पॉइंट बदलले असतील, तर ते पूर्ण उघडले असताना फट ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवावी. फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते, म्हणून टायमिंग पुन्हा तपासावे. वायरी परत बसविताना क्रम १-३-४-२, तोही रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने. या इंजिनात तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो.