गणितात पीएचडी कशासाठी?
देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर पदव्युत्तर शिक्षणाशिवाय ६१७४ पर्यंत पोचले. मग गणितात पीएचडी हवी कशाला, असं विचारलं जातं. ३५२४ घ्या. अंक उतरते मांडून त्यातून चढते वजा करा: ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७, पुढे ८३५२, आणि मग ६१७४. सगळे अंक सारखे नसले, तर कुठलीही चार अंकी संख्या अशीच ६१७४ वर येऊन थांबते. किती सुंदर! पण चार अंकी संख्या मोजक्याच, एकेक तपासता येतात. अनंत संख्यांबद्दल बोलायचं तर सिद्धताच लागते, आणि ती रचण्याची शिस्त मार्गदर्शकासमोर फळ्यावर चुका खोडत, वर्षानुवर्षांच्या सरावानं अंगी बाणते. खर्चाची चिंता खरी आहे, पण राष्ट्रीय उच्च गणित मंडळ शिष्यवृत्ती देतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर पदवीनंतरही थेट एकात्मिक पीएचडीसाठी अर्ज करता येतो.